वापरलेलं छोटं विमान घेताना: आधी लॉगबुक, मग काउलिंग, इसार सगळ्यात शेवटी

मला येणारे फोन जवळजवळ एकाच साच्यातले असतात. "काका, एक सेस्ना बघून आलो. रंग अगदी नवा आहे, एक चक्करही मारली. इसार दिलाय. आता तुम्ही एकदा येऊन नजर टाका." फोन करणारा कधी द्राक्ष निर्यात करणारा बागायतदार असतो, कधी खासगी पायलटचा परवाना काढलेला डॉक्टर, कधी फ्लाइंग स्कूल काढू पाहणारे तीन भागीदार. ही माणसं व्यवहारात मुरलेली. जुना ट्रॅक्टर घेताना आधी आरसी बुक मागतात, मग इंजिन थंड असताना सुरू करून बघतात, पैशांचं बोलणं त्यानंतर. विमान समोर आलं की मात्र हाच क्रम उलटा होतो: आधी रंग, मग चक्कर, मग इसार, आणि लॉगबुक (देखभालीच्या नोंदवह्या) "ऑफिसात आहेत, नंतर पाठवतो".

हा लेख तो क्रम सरळ करण्यासाठी आहे. डोक्यात एक साधा हिशेब ठेवा. ज्या तपासणीला खर्च कमी आणि जिच्यामुळे सौदा मोडू शकतो, ती आधी करायची. कागद वाचायला काही लागत नाही, म्हणून कागद पहिले. उड्डाणाला इंधन, पायलट, विमा सगळं लागतं, म्हणून ते जवळजवळ शेवटी.

उदाहरणं सेस्ना १५२, १७२ आणि पायपर पीए-२८ यांची घेतली आहेत, कारण एका इंजिनाचं जुनं विमान म्हटलं की बहुतेकदा यांतलंच एक समोर येतं.

## टप्पा १: बघायला जाण्याआधी

विमान उभं कुठे करणार? हा प्रश्न लोक खरेदीनंतर विचारतात. नाशिकजवळच्या ओझरची धावपट्टी एचएएलची (हिंदुस्तान एरोनॉटिक्सची) आहे आणि गांधीनगरचा विमानतळ लष्कराच्या ताब्यात आहे. घर नाशिकला आहे म्हणून विमानही नाशिकला राहील, असं गृहीत धरू नका. उभं करायची जागा, हँगर आणि देखभाल करणारी मान्यताप्राप्त संस्था, या तिन्हींची लेखी हमी आधी मिळवा. अॅव्हगॅस (या इंजिनांना लागणारं विमानाचं पेट्रोल) प्रत्येक विमानतळावर मिळत नाही, तीही चौकशी आत्ताच करा. जागा धुळ्याला किंवा शिरपूरला मिळाली, तर दर शनिवारी तिकडे जाणं जमणार आहे का, हे घरच्यांसोबत बसून बोला.

तपासणारा माणूस तुमचा हवा. तो परवानाधारक एएमई (विमान देखभाल अभियंता) असावा, त्याने त्याच जातीच्या विमानावर आणि इंजिनावर काम केलेलं असावं, आणि विक्रेत्याशी त्याचा पैशाचा संबंध नसावा. त्या विमानाची देखभाल आजवर ज्याने केली, तो कितीही सज्जन असला तरी स्वतःच्याच सह्या तपासणार आहे. नाशिकमध्ये आणखी एक चूक होते: "ओझरला आपला मेहुणा आहे, त्याला नेतो." ओझरला सुखोईवर काम करणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण लायकमिंग कंपनीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) कुठे गंजतो, हे ते इंजिन वर्षानुवर्षं उघडणाऱ्यालाच ठाऊक असतं.

तपासणीचा लेखी करार. एक पान पुरतं. कोणती झाकणं उघडायची, उघडण्या-लावण्याचा खर्च कोणाचा, तपासणीत काही तुटलं तर जबाबदारी कोणाची, आणि विमान जमिनीवर बसवावं लागेल असा दोष सापडला तर दुरुस्ती कोण करणार, हे सगळं त्यात लिहा. शेवटचा मुद्दा राहून गेला की हमखास भांडण होतं. इसार द्यावाच लागला, तर तो तपासणीत नापसंती आल्यास परत मिळेल हे वाक्य त्याच पानावर हवं.

> थांबा: "एआरसी ताजं आहे, मग वेगळी तपासणी कशाला?" असं विक्रेता म्हणेल. एआरसी (उड्डाणयोग्यता आढावा प्रमाणपत्र) म्हणजे त्या दिवशी विमान आणि त्याचे कागद उड्डाणयोग्यतेच्या किमान अटीत बसत होते, एवढंच. पुढच्या दोन वर्षांत त्यावर किती खर्च होणार, हे त्यात लिहिलेलं नसतं.

## टप्पा २: लॉगबुक, घरच्या टेबलावर

प्रवासाला निघण्याआधी सगळ्या कागदांच्या स्कॅन प्रती मागवा: विमानाचं, इंजिनाचं आणि प्रॉपेलरचं लॉगबुक, जर्नी लॉग (उड्डाणांची वही), नोंदणी प्रमाणपत्र, एआरसी, वजनाचा शेवटचा अहवाल, एडींची (सुरक्षेसाठी सक्तीच्या तपासणी-दुरुस्ती आदेशांची) यादी आणि मोठ्या दुरुस्त्यांचे कागद. "आल्यावर दाखवतो" म्हणाले तर जाऊ नका. गाडीचं डिझेल आणि एक दिवस वाचला.

पहिल्यांदा मालकी. नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच आहे का, विमानावर बँकेचा किंवा कोणाचा बोजा आहे का, आणि प्रमाणपत्रावरचा निर्मिती क्रमांक सगळ्या कागदांवर सारखा आहे का, ते पाहा. बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आधी, बाकी गोष्टी नंतर.

मग तिन्ही लॉगबुकं शेजारी शेजारी ठेवून तारखांनुसार वाचा. एकेक सुटं वाचलं की सगळं स्वच्छ दिसतं, आणि बहुतेक लोक तसंच वाचतात.

नाशिकरोडच्या एका घरातला प्रसंग सांगतो. जेवणाच्या टेबलावर तिघं भागीदार, चहाचे कप, आणि ओळीने मांडलेली तीन लॉगबुकं. विमानाच्या लॉगमध्ये चौदा महिने एकही नोंद नाही. "तेव्हा मालक परदेशात होते," असं विक्रेत्याने सांगितलेलं. तेही चालून गेलं असतं. पण प्रॉपेलरच्या लॉगमध्ये त्याच चौदा महिन्यांच्या मधोमध नोंद होती: जुना प्रॉपेलर उतरवला, दुसरा बसवला. उतरवला का, याचं कारण नाही. इंजिनाच्या लॉगमध्ये त्या तारखेच्या आसपास एक ओळही नाही. फिरता प्रॉपेलर जमिनीला लागला, तर लायकमिंगच्या सूचनेप्रमाणे इंजिन खोलून आतून तपासायचं असतं. क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरच्या बोल्टसाठी तर वेगळा एडीच आहे. म्हणजे एकतर धडक झाली आणि इंजिन न उघडता विमान पुन्हा उडालं, किंवा नोंद लपवली. विक्रेत्याला आम्ही एकच प्रश्न पाठवला: प्रॉपेलर का बदलला? उत्तर आलं नाही, आणि सौदा तिथेच सोडला. चहाचे कप टेबलावरच होते.

वाचताना या गोष्टी शोधा:

१. तासांचा मेळ. जर्नी लॉगमधल्या उड्डाणांची बेरीज आणि मीटरवरचे तास जुळतात का? मीटर कधी बदललं असेल तर त्या दिवशीचे तास लिहिलेले हवेत.

२. वर्षाला किती तास? "ओव्हरहॉलनंतर फक्त ६०० तास" हे वाक्य ऐकायला गोड लागतं. ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण खोलून केलेली दुरुस्ती) पंधरा वर्षांपूर्वीचं असेल, तर ते वर्षाला चाळीस तास झाले. म्हणजे इंजिन बहुतांश काळ उभं होतं. लायकमिंग तासांबरोबर बारा वर्षांचीही मर्यादा सुचवते, आणि ती तर केव्हाच उलटली. याउलट रोज उडणाऱ्या, टीबीओच्या (दोन ओव्हरहॉलमधल्या ठरावीक तासांच्या) जवळ आलेल्या शाळेच्या विमानाचं इंजिन मला जास्त विश्वासाचं वाटतं. फक्त किंमत नव्या ओव्हरहॉलचा खर्च धरून लावायची.

३. ओव्हरहॉल म्हणजे नेमकं काय? "टॉप ओव्हरहॉल"मध्ये फक्त सिलिंडर उतरतात. क्रँकशाफ्ट आणि कॅम जुनेच राहतात. जाहिरातीत दोन्हींना "ओव्हरहॉल" म्हणतात. कोणत्या संस्थेने केलं, कोणते भाग नवे घातले, याची पूर्ण यादी मागा.

४. एडी. नुसतं "सर्व एडी पूर्ण" लिहिलेलं पुरत नाही. क्रमांक, कोणत्या पद्धतीने पूर्ण केला, कधी केला, पुन्हा कधी करायचा, असा तक्ता हवा. पायपर पीए-२८ असेल तर पंखाच्या मुख्य स्पारच्या (आतल्या आडव्या तुळईच्या) बोल्ट-छिद्रांबद्दलचा एडी २०२०-२६-१६ त्या मॉडेलला लागू आहे का, आणि एडी करंट तपासणी झाली का, ते नावानिशी विचारा. (इथला 'एडी करंट' म्हणजे धातूतली चीर शोधायची विद्युत पद्धत. नावसाधर्म्यामुळे गोंधळ होतो.) २०१८ मध्ये अमेरिकेत डेटोना बीचजवळ पायपर अॅरोचा पंख हवेत सुटला, त्या अपघातातून हा एडी आला. सेस्ना असेल तर सीटच्या रुळांचा एडी आणि जुन्या विमानांसाठी कंपनीने घालून दिलेल्या पूरक तपासण्या झाल्या आहेत का, ते पाहा. या तपासण्यांचं काम बरंच असतं. बाकी राहिल्या असतील तर तो खर्च तुमच्या माथी येतो.

५. रंग कधी लागला? एलेरॉन, एलिव्हेटर, रडर (पंख-शेपटीवरचे हलणारे भाग) रंगवले की त्यांचं वजन बदलतं आणि त्यांचा समतोल पुन्हा तपासावा लागतो. तो चुकला तर वेगात ते भाग थरथरायला लागतात, आणि हा दोष जिवावर बेततो. समतोल तपासल्याची नोंद मागा. रंगानंतर विमानाचं वजन प्रत्यक्ष काट्यावर केलं की फक्त कागदावर बेरीज केली, तेही विचारा.

> तपासा: दोन-तीन वर्षांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच ओघात, एकाच बसणीत लिहिल्यासारख्या दिसतात का? मूळ पानं हातात घेऊन बघा. स्कॅनमध्ये शाईचा फरक कळत नाही.

परदेशातून आणायचं असेल तर प्रकरण वेगळं. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी, आयात करायच्या विमानाच्या वयाचे नियम, त्या देशाचं निर्यातीचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र हे सगळं आधी पक्कं करा. पहिल्या विमानाला ती वाट धरू नका, असंच मी सांगतो.

## टप्पा ३: हँगरमध्ये पहिला तास, हत्याराशिवाय

सकाळी सातच्या आत पोचा. पोचल्या पोचल्या, नमस्कार-चहाच्या आधी, काउलिंगवर (इंजिनावरच्या झाकणावर) तळहात ठेवा. गरम लागली, तर कोणीतरी तुमच्यासाठी इंजिन आधीच चालवून ठेवलंय. थंड इंजिन कसं सुरू होतं हे आज कळणार नाही. अशा वेळी इंजिनाचं काम दुसऱ्या दिवशी सकाळवर टाका.

सोबत काय न्यायचं: चांगली टॉर्च, दांडीचा आरसा, भिंग, लोहचुंबक, पांढरं सुती फडकं, इंधनाचा नमुना घ्यायची पारदर्शक नळी, आणि फोनमध्ये रिकामी जागा. एएमईकडे बोरस्कोप (सिलिंडरच्या आत बघायचा बारीक कॅमेरा) आणि मोजमाप तपासलेला कॉम्प्रेशन टेस्टर हवा.

आता विमानापासून वीस पावलं मागे जा आणि नुसतं उभं राहा. दोन्ही पंखांची टोकं जमिनीपासून सारख्या उंचीवर आहेत का? शेपटी सरळ आहे का? मग बाजूला येऊन पत्र्यावरून तिरप्या उजेडात नजर फिरवा. लाटा, सुरकुत्या आणि वेगळ्या आकाराचे रिव्हेट जुन्या दुरुस्तीची जागा दाखवतात. तिथे बोट ठेवून तिची नोंद लॉगबुकात शोधा.

रिव्हेटभोवती काळसर धुरासारखी रेघ मागच्या दिशेला गेलेली दिसली, तर तो रिव्हेट जागेवर हलतोय. एखादा असेल तर दुरुस्तीचं काम. ओळच्या ओळ असेल तर आतला सांगाडा काहीतरी सोसून बसलाय. रंगाखाली फोड किंवा किड्याच्या वाटेसारख्या बारीक नागमोडी रेषा म्हणजे पत्रा गंजायला लागला. मुंबईच्या खाऱ्या हवेत, जुहूसारख्या ठिकाणी, वर्षं काढलेल्या विमानात हे जास्त शोधा. पण आपल्याकडचं विमान कोरडं असतं, असंही समजू नका. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूचा पावसाळा उघड्यावर काढलेलं विमान मी पाहिलं आहे. बिजागऱ्यांत गंजाचा भुगा होता.

पिटो नळी (वेग मोजायची), इंधन टाकीचे हवेचे मार्ग, पंखाची भोकं टॉर्चने बघा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. टाकीचा हवेचा मार्ग बुजला तर टाकी भरलेली असूनही इंधन यायचं थांबू शकतं. घर आढळलं तर ते नुसतं खरवडून सोडू नका, विमान किती दिवस झाकण न घालता उभं होतं हे विचारा.

## टप्पा ४: झाकणं उघडल्यावर

पंखाखालची, शेपटीजवळची आणि आसनांखालची तपासणीची झाकणं करारात लिहिली तेवढी सगळी उघडून घ्या. "दोन उघडली, ठीक आहेत, बाकीचीही तशीच असतील" हे मान्य करू नका.

आत अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी म्हणजे गंज. उंदराचं घरटं दिसलं तर ते काढून खालचा पत्रा पाहा. उंदराच्या मुताने पत्रा खाल्ला जातो, आणि वरून काही कळत नाही. कंट्रोलच्या तारांवरून फडकं हळू ओढा. तुटलेला एक धागा असला तरी फडकं अडकतं. बोट फिरवू नका, रक्त येईल. पुलीजवळचा भाग विशेष पाहा, कारण तार तिथेच वाकते. त्यासाठी एकाने कॉकपिटमध्ये बसून कंट्रोल पूर्ण फिरवायचे.

सेस्नामध्ये पुढच्या दोन्ही सीट पूर्ण मागे घेऊन रूळ पुसा आणि भोकं भिंगाने बघा. सीटची पिन ज्या भोकात बसते, ते गोल असायला हवं. लांबट झालेलं, कडा गोलसर झालेलं भोक म्हणजे पिन सुटू शकते. उड्डाणाच्या वेगात नाक वर उचलताना सीट मागे घसरली, तर पायलट तोल सावरायला योक (विमानाचं स्टिअरिंग) घट्ट धरतो आणि तोच मागे ओढला जातो. हे माणसं दगावणारं कारण आहे, म्हणून यासाठी एडी आहे. रूळ बदलणं अवघड नाही. तपासायचं राहून जाणं हीच चूक.

इंजिनाच्या मागची भिंत, म्हणजे फायरवॉल, खालच्या अंगाला सुरकुतलेली आहे का पाहा. नाकाचं चाक जोरात आदळलं की पहिली खूण तिथे उमटते. शिकाऊ पायलटांच्या विमानात हे हटकून बघायचं.

> थांबा: पंखाच्या स्पारवर किंवा पंख-जोडणीच्या भागात गंज किंवा चीर दिसली, तर पुढचे टप्पे करू नका. किंमत कमी करून घेण्यासारखा हा दोष नाही.

## टप्पा ५: इंजिन

इथे क्रम काटेकोर पाळा, कारण काही तपासण्या थंड इंजिनावर होतात आणि काही गरम इंजिनावर.

थंड असताना. तेलाची पातळी आणि रंग पाहा. कालच बदललेलं सोनेरी तेल दिसलं तर आनंदी होऊ नका, जुना फिल्टर आणि तो कापल्याची नोंद मागा. "फेकला" असं उत्तर आलं, तर तुम्हाला इंजिनाच्या पोटातली सगळ्यात महत्त्वाची माहिती कोणीतरी फेकून दिली आहे. टाक्यांच्या तळातून इंधनाचा नमुना घ्या. १०० एलएल अॅव्हगॅस निळं असतं. तळाशी बुडबुड्यासारखं वेगळं बसलेलं ते पाणी. सगळा नमुनाच बिनरंगी आला तर नळीत फक्त पाणीच भरलं असेल, किंवा टाकीत दुसरंच काही आहे.

एक्झॉस्टचा मफलर आरशाने सगळीकडून पाहा. केबिनचा हीटर याच मफलरभोवतीची हवा आत आणतो. निफाडच्या थंडीत पहाटे उडताना हीटर लावलात आणि मफलरला चीर असली, तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो. त्याला वास नसतो.

> थांबा: प्रॉपेलर हाताने फिरवू नका. किल्ली बंद असली तरी मॅग्नेटोची (ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची) अर्थिंगची तार तुटलेली असेल, तर इंजिन एका हिसक्यात पेटतं. फिरवायचंच असेल तर फक्त एएमई, आणि तोही इंजिन कधीही पेटेल असं धरून.

सुरू करून. किती प्रयत्नांत पेटलं, तेलाचा दाब किती सेकंदांत वर आला, सगळं लिहून घ्या किंवा व्हिडिओ काढा. तापल्यावर रन-अप, म्हणजे उभ्या विमानातच इंजिनाची चाचणी. मॅग्नेटो एकेक करून बंद केला की आरपीएम थोडे उतरायला हवेत. किती उतरले चालतात, आणि दोघांमधला फरक किती असावा, ते त्या विमानाच्या हँडबुकात असतं. लोक फक्त "जास्त उतरला नाही ना" एवढंच बघतात. अजिबात न उतरणं हाही दोषच आहे. तो मॅग्नेटो बंदच होत नाहीये. कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा देणारी कळ) ओढल्यावरही आरपीएम थोडे उतरायला हवेत. मग ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटलला स्थिर आरपीएम घ्या आणि हँडबुकातल्या पट्ट्याशी ताडून पाहा.

गरम असतानाच कॉम्प्रेशन. इंजिन बंद केल्यावर लगेच. ८० पीएसआय हवा सिलिंडरमध्ये सोडायची आणि किती टिकते ते बघायचं. म्हणून आकडा "८० पैकी ७४" असा लिहितात. या हवेने प्रॉपेलरला जोरात झटका बसू शकतो. तो धरणारा अनुभवी असू द्या, बाकीचे त्याच्या फिरण्याच्या रेषेबाहेर.

लायकमिंगसाठी साधारण असं वाचतात: सगळे सिलिंडर ७० च्या वर आणि एकमेकांच्या जवळ असले तर समाधानकारक. ६५ च्या खाली म्हणजे झीज, लक्ष ठेवायचं. ६० च्या खाली म्हणजे सिलिंडर काढायचा विचार. दोन सिलिंडरमध्ये १० ते १५ चा फरक असेल तर कारण शोधायचं. कॉन्टिनेंटलची पद्धत वेगळी आहे, तिच्या मोजमापाला वेगळं प्रमाण लागतं, तेव्हा हेच आकडे तिकडे लावू नका.

आकड्यापेक्षा हवा कुठून सुटते ते ऐका. एक्झॉस्ट नळीशी कान नेल्यावर फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. हवा आत येण्याच्या बाजूला आली तर इनटेक व्हॉल्व्ह. तेल भरायच्या नळीतून आली तर रिंगा. रिंगांमधून थोडी हवा सुटतेच. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सूं मला खपत नाही.

बोरस्कोप. प्लग काढलेलेच आहेत, तेव्हा आत बघा. चांगल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावर रंगांची वर्तुळं एकात एक, सगळीकडून सारखी असतात. एका बाजूची कड वेगळ्या रंगाची झाली असेल, तर व्हॉल्व्ह तिथे जळायला लागला आहे. कॉम्प्रेशनचा आकडा चांगला असतानाही हे दिसू शकतं, म्हणून दोन्ही करायचं. प्रत्येक सिलिंडरचा फोटो, सिलिंडरचा क्रमांक कागदावर लिहून शेजारी धरून.

शेवटी फिल्टर. गरम तेल काढा, नमुना बाटलीत भरा, फिल्टर कापून कागद उलगडा आणि उन्हात धरा. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटणारे कण लोखंडाचे. एखाद-दुसरी चमक असतेच, पण चुंबकाला मिशी आल्यासारखे कण लटकले तर इंजिन आतून झडतंय.

उभ्या राहिलेल्या विमानाची मला एवढी भीती का वाटते, त्याचं कारण इथे आहे. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन महिनोन्‌महिने बंद राहिलं की त्याच्यावरचं तेल खाली ओघळून जातं आणि दमट हवेत कॅमच्या उंचवट्यांवर गंज धरतो. पुन्हा उडायला लागलं की तो गंज टॅपेटला (कॅमवर टेकणाऱ्या भागाला) खरवडतो आणि पोलाद सुटायला लागतं. कॉम्प्रेशन उत्तम येतं, इंजिन गोड चालतं, आणि फिल्टरमध्ये लोखंड. बहुतेक लायकमिंगमध्ये सिलिंडर न काढता कॅम नीट दिसत नाही. विमान वर्षभर किंवा जास्त उभं असेल, तर एक सिलिंडर काढून बघायची परवानगी करारातच मागा. विक्रेता नाही म्हणाला, तर नव्या ओव्हरहॉलचा पूर्ण खर्च धरूनच किंमत बोला.

१९७० च्या दशकाच्या शेवटची सेस्ना १७२ एन समोर आली आणि इंजिन ओ-३२०-एच२एडी असेल, तर हे सगळं दुप्पट काळजीने करा. कॅम आणि टॅपेटची झीज हाच त्या इंजिनाचा नावाजलेला आजार आहे.

## टप्पा ६: चाचणी उड्डाण

इथवरचं सगळं पसंत पडलं तरच. एआरसी आणि विमा चालू हवा, कमांडमध्ये विक्रेत्याचा पायलट, आणि तुमच्या बाजूचा कोणीतरी शेजारी फक्त आकडे लिहायला. चक्कर मारायचा मोह बाजूला ठेवा.

उडण्याआधी त्या दिवसाच्या तापमानाला हँडबुकातला चढण्याचा वेग काढून कागदावर लिहून ठेवा. ओझर समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० फुटांवर आहे. मे महिन्यात ४० अंश असताना तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड ५,००० फुटांच्या वर जाते. म्हणजे विमानाला पाच हजार फुटांवरून उडाल्यासारखं वाटतं. सपाटीवर हिवाळी सकाळी छान चढलेलं विमान इथे दोन माणसं आणि भरल्या टाक्या घेऊन कसं चढेल, हे त्याच कागदावर मांडा. लोक हा हिशेब विमान घरी आणल्यावर, पहिल्या उन्हाळ्यात करतात.

वर गेल्यावर सरळ उड्डाणात ट्रिम करून योकवरचे हात काढा. विमान एकाच बाजूला कलत राहिलं तर पंख किंवा कंट्रोल बांधणीत काहीतरी वाकडं आहे. तेलाचं तापमान आणि दाब, फ्लॅप, रेडिओ, ट्रान्सपाँडर एकेक करून लिहा. उतरल्यावर नाकाचं चाक थरथरतं का बघा. मग पुन्हा काउलिंग उघडा आणि ताजी तेलगळती शोधा. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळे विसरतात.

## टप्पा ७: यादी आणि किंमत

सापडलेलं सगळं तीन रकान्यांत लिहा: उडण्याआधी करायलाच हवं, वर्षभरात करावं लागेल, आणि चालेल. पहिला रकाना विक्रेत्याच्या खर्चाने, मान्यताप्राप्त संस्थेकडून, लॉगबुकात नोंद होऊन पूर्ण व्हायला हवा. दुसऱ्या रकान्याचे लेखी दर मागवून ती रक्कम किंमतीतून वजा करा. "असू द्या, थोडंसंच आहे" असं म्हणून सोडू नका.

पहिल्या रकान्यातली कामं झाल्यावर तुमचा एएमई परत जाऊन फक्त तेवढीच बघून येईल.

## टप्पा ८: पैसे, नोंदणी, घरी आणणं

पैसे देताना मूळ लॉगबुकं, सगळे दुरुस्ती-कागद, किल्ल्या, हँडबुक आणि काढून ठेवलेले सुटे भाग एकाच वेळी हातात यायला हवेत. लॉगबुक नसलेल्या विमानाची किंमत लॉगबुकासह विमानाच्या जवळपासही नसते. मालकी बदलल्यावर नोंदणी तुमच्या नावे करून घ्यावी लागते. अर्ज लगेच करा, आणि रेडिओचा परवाना आणि विमा तुमच्या नावावर येईपर्यंत विमान हलवू नका. "उद्या सकाळी घेऊन येतो, विमा दोन दिवसांत होईल" असं म्हणून निघणारे मी पाहिले आहेत.

घरी आल्यावर पहिलं तेल २५ तासांनी बदला. फिल्टर पुन्हा कापा, कण पुन्हा चुंबकाला लावून बघा, आणि उलगडलेला कागद तारीख आणि तास लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. खरेदीच्या दिवशीचा फिल्टर शेजारच्या पिशवीत असेल. दोन्ही एकत्र उन्हात धरून बघा.